ठोक्यांची वेगळी स्प्रिंग

दातांच्या दवाखान्यात कुणी हौसेनं जात नाही. त्यातून तो मुलांच्या दातांचा असेल तर विचारूच नका. पायरी चढायच्या आधीच अर्ध्या मंडळींनी भोकाड पसरलेलं असतं, आणि उरलेली अर्धी त्यांचं बघून तयारीला लागलेली असतात. पण या दवाखान्यात गेलं वर्षभर सगळा उलटा कारभार चालला होता. मुलं येताना धावत यायची आणि घरी जायची वेळ झाली की रडायची. कारण बाहेरच्या बसायच्या खोलीत, खिडकीखालच्या लांबलचक टेबलावर, एक आगगाडी धावत होती.

ही गाडी मांडली होती डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ सुधारण्यात त्यांचा जन्म गेला. बायको गेली, पाठोपाठ दुकान आवरलं, आणि मुलानं आग्रह करकरून त्यांना आपल्याकडे आणलं. वर घर, खाली सुनेचा दवाखाना. गल्लीतली पोरं त्यांना घड्याळकाका म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. काकांना नव्या घरात कशाची ददात नव्हती. हवेशीर खोली होती, वेळेवर जेवण होतं, मुलगा-सून विचारपूस करत होती. नव्हतं ते काम. सकाळी उठून आता जायचं कुठे, हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही त्याला ते दुःख सांगूनही कळायचं नाही. पहिले काही महिने काकांनी घरातली बंद घड्याळं दुरुस्त केली, मग चालू होती तीही उघडून पाहिली, आणि शेवटी एके दिवशी सुनेला म्हणाले, "खालचं ते मोठं टेबल नुसतं मासिकं ठेवायलाच आहे ना?"

सून हो म्हणाली. आपण कशाला हो म्हणालो हे तिला पुढे कळलं.

बघता बघता टेबलावर दोन स्टेशनं उभी राहिली, एक बोगदा आला, पूल आला, हिरवे-लाल सिग्नल आले. बोगद्याचा डोंगर दाढेच्या आकाराचा होता. ती सुनेची मागणी. तीन ठिकाणी रुळांना फाटे फुटत होते. अशा जागेला सांधा म्हणतात. तो एका बाजूला सरकवला की गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला सरकवला की वळते. प्रत्येक सांध्याखाली, टेबलाच्या पोटाला, एक छोटी डबी बसवलेली होती. टेबलाच्या कडेला रंगीत बटणं होती. मुलानं बटण दाबलं की डबी सांधा सरकवायची, 'टक्' असा आवाज यायचा, आणि गाडी त्या मुलाच्या हुकमानुसार वळायची. ज्याचं घरात कुणी ऐकत नाही अशा माणसाला याहून मोठं सुख कोणतं?

सुरुवातीला मुलं इंजिनालाही हात घालायची. बिस्किटानं बरबटलेली बोटं चाकांत जायला लागली, तेव्हा काकांनी सगळ्या टेबलावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण चढवून ते स्क्रूनं पक्कं केलं. आता वरून कुणाचाच हात आत जाईना. काकांचाही.

गाडी नव्या धर्तीची होती. रुळांत कायम वीज खेळती असायची, आणि कोपऱ्यातल्या एका मोठ्या डबीतून इंजिनाला जायचे ते हुकूमही रुळांतूनच जायचे. सांध्यांच्या डब्या, सिग्नल, स्टेशनातले दिवे, या सगळ्यांना वीज देण्यासाठी काकांनी तारा जोडल्या त्या सरळ रुळांनाच. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की तारा रुळांना जोडा, नाहीतर या डब्यांना वेगळी वीज द्या. काकांनी पहिला अर्धा भाग वाचला आणि चष्मा काढून ठेवला. आपल्या या जोडणीचा त्यांना कोण अभिमान! दाढदुखीनं कळवळणाऱ्या पोराच्या बापालासुद्धा वाकवून टेबलाखालचा पसारा दाखवायचे.

"बघा, भिंतीतून दोन तारा आल्या, संपलं. मनगटावरच्या घड्याळात एकच स्प्रिंग असते. तिच्यावर तास चालतो, मिनिट चालतं, तारीखसुद्धा चालते. दुसरी लागते का कुणाला?"

पोराचा बाप नाही म्हणायचा. तो बिचारा काय म्हणणार?

अडचण एवढीच होती की गाडी अधूनमधून पडायची. सांधा एकीकडे वळवलेला आणि गाडी नेमकी दुसऱ्या फाट्यावरून आली, की इंजिनाची चाकं नको तिथे टेकायची आणि शॉर्ट व्हायचं. मोठी डबी शहाणी होती. शॉर्ट झालं की ती तत्काळ वीज तोडायची. मग टेबलावर सगळं मेल्यागत. दिवे नाहीत, सिग्नल नाहीत. खरं तर तो सांधा परत सरकवला की काम झालं असतं. पण बटण दाबावं तर सांध्याच्या डबीला वीज कुठून मिळणार? ती तर रुळांतूनच येणार, आणि रुळांत तर काही नाही. म्हणजे ज्यानं कुलूप उघडायचं तोच आत कोंडलेला. मुलं बटण दाबदाबून थकायची, मग एकमुखानं ओरडायची, "काका, गाडी पडली!"

मग काकांनी टेबलाखाली शिरायचं. हात टेकत, गुडघे सांभाळत, उताणं होऊन त्या सांध्याची काडी बोटानं ढकलायची. बाहेर बसलेल्यांना फक्त त्यांचे तळवे दिसायचे. गाडी सुरू झाली की टाळ्या पडायच्या आणि काका धुळीनं माखून बाहेर यायचे. दोष त्यांनी सगळ्यांना देऊन पाहिला. रूळ मळले असतील म्हणून पुसले, चाकं झिजली असतील म्हणून बदलली, बिस्किटांवर बंदी घातली, इंजिन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तारांवर मात्र चुकूनही शंका घेतली नाही.

एके दिवशी दवाखाना खच्चून भरलेला असताना गाडी बोगद्याच्या तोंडाशी पडली. काका नेहमीप्रमाणे खाली गेले, काडी ढकलली, गाडी निघाली, टाळ्या झाल्या. पण काका काही निघेनात. त्यांचा खांदा टेबलाचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये अडकला होता आणि पाठीत अशी उसण भरली होती की श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागत होता.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. हळूच, कारण लोकांना कळायला नको.

आत ड्रिलची घरघर चालू होती. काउंटरवरच्या बाई, ज्यांना सगळे टोकनबाई म्हणत, फोनवर कुणाला तरी दूध आणि चॉकलेट यांतला फरक समजावत होत्या.

"सूनबाई!" जरा मोठ्यानं.

कुणी आलं नाही. शेवटी एका पेशंटच्या आडदांड बापाच्या लक्षात आलं आणि त्यानं काकांना दोन्ही पाय धरून ओढून काढलं. ओढताना शर्ट काखेपर्यंत वर गेला. मुलांना वाटलं हासुद्धा खेळाचाच भाग, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सून त्यांच्या खांद्याला मलम चोळत होती. चोळता चोळता म्हणाली, "बाबा, सोमवारी मी एका टाकीवाल्याला बोलावलंय. माशांची काचेची टाकी असते ना, तसली. टेबलाच्या जागी बसेल का ते बघायला."

"मासे?"

"मासे बंद पडत नाहीत."

"मरतात," काका म्हणाले.

तिला हसू आलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. काका उठून आपल्या खोलीत गेले आणि मूग गिळून बसले. त्यांना वाटलं, टेबल नव्हे, आपल्यालाच उचलायला माणूस येतोय. भरल्या खोलीत म्हाताऱ्याला पाय धरून ओढावं लागलं, बनियन जगाला दिसलं, सुनेला लाज वाटली असणार. वाटणारच. दुकान गेलं तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ते आपल्या हातानं बंद केलेलं होतं. ही गाडी गेली तर या घरात आपण पाहुणे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मुलाकडे तक्रार नेली तर तो म्हणाला, "मी यात पडत नाही बाबा. माझ्या अक्कलदाढेचं अजून बाकी आहे, आणि ती तिच्या हातात आहे."

रविवार उजाडला. रविवारी काका भिंतीवरच्या ठोक्यांच्या घड्याळाला चावी द्यायचे. दुकानातलं हे एकच घड्याळ त्यांनी बरोबर आणलं होतं. बाकीची विकली, वाटली. स्टुलावर चढून त्यांनी चावी लावली, पण दुखरा खांदा काही फिरू देईना. डाव्या हातानं प्रयत्न केला, तर चावीच निसटून पडली. चहा घेऊन आलेल्या सुनेनं ती उचलली.

"उतरा खाली. मी देते."

"तुला नाही जमायचं."

"रोज दाढा काढते मी बाबा. चावी फिरवता येईल मला."

काका उतरले. सून चढली. तिनं एका भोकात चावी घालून फिरवली, थांबली, दुसऱ्या भोकाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत हे घड्याळ तिनं एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"दोन भोकं कशाला? एकाच चावीनं दोनदा?"

हा प्रश्न काकांना दुकानात इतक्या वेळा विचारला गेला होता की उत्तर झोपेतही आलं असतं. "आत दोन स्प्रिंगा असतात. एक चालायला, एक ठोके द्यायला. ठोक्यांना जोर लागतो. तो चालायच्या स्प्रिंगमधून घेतला तर दर तासाला घड्याळ अडखळेल. आणि वेगळी असली की उद्या काटे अडकून चाल बंद पडली, तरी आतली कळ हातानं ओढा, ठोके पडणारच. एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. म्हणून तर..."

काका थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सुनेनं सवयीनं आत डोकावलं.

"गाढव!" काका ओरडले.

"कोण, मी?"

"तू कशाला? मी! ठार गाढव! जन्मभर लोकांना दोन भोकं समजावून सांगितली आणि स्वतः काय केलं? चालायचं आणि ठोक्यांचं एकाच स्प्रिंगवर! सांध्यांना वेगळी वीज पाहिजे. वेगळी! मग रूळ मेला तरी सांधा जिवंत राहील. चल खाली!"

"चावी पुरी देऊ का आधी?"

"दे, दे. ठोक्यांची आधी दे."

प्रत्येक घरात एक खोका असतो, ज्यात मेलेल्या यंत्रांचे अ‍ॅडॉप्टर पडलेले असतात आणि लागेल कधीतरी म्हणून कुणी ते टाकत नाही. काकांनी तो खोका पालथा केला. कितीतरी चाचपून झाल्यावर एका जुन्या प्रिंटरचा अ‍ॅडॉप्टर निघाला. त्याच्यावरचे आकडे सांध्यांच्या डब्यांवरच्या आकड्यांशी जुळले. मीटर लावून काकांनी वीज मोजली, तीही बरोबर आली. मग तारांचं वेटोळं खांद्यावर टाकून ते टेबलाशी गेले आणि गुडघा टेकायला लागले.

"अहं," सून म्हणाली. "तिथं तुम्ही जायचं नाही. मी जाते."

"तुला तारांतलं काय कळतं?"

"काही नाही. तुम्ही सांगा, मी करते. अंधारात, अडचणीत, उलट्या हातानं काम करणं हाच माझा धंदा आहे."

तिनं पेशंट तपासायचा कपाळावरचा दिवा बांधला, केस वर खोचले, आधी भिंतीतला मोठ्या डबीचा प्लग काढला, आणि सर्रकन आत शिरली. काका खुर्ची ओढून टेबलाशी बसले. आता सुनेचे तळवे बाहेर आणि काका वर, असा सगळा मामला उलटा झाला.

"बाप रे," आतून आवाज आला. "शेवटच्या दाढेमागे याहून बरीच मोकळी जागा असते."

"पहिली डबी दिसली? तिच्यातून दोन तारा रुळाकडे गेल्यात. त्या सोडव."

"दिसल्या. बाबा, या तारांवर किती ठिकाणी चिकटपट्टी! आणि हे काय, इथं उशी आहे?"

"असू दे."

"दोरीला टॉर्च बांधलाय. पाण्याची बाटली पण आहे."

"लागते कधी कधी."

मग सून म्हणाली, "म्हणजे तुम्ही रोज इथं किती वेळ..."

"लाल तार सोडव," काका म्हणाले.

तिनं सोडवली. एकेक डबी रुळांवरून तोडून नव्या तारांच्या जोडीवर घेतली, मग सिग्नल घेतले, मग स्टेशनातले दिवे. काका वरून स्क्रू पुरवत होते आणि सांगत होते. मधेच ती म्हणायची, "थुंका," आणि दोघंही हसायचे. काम आटपल्यावर ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळ्याची जाळी होती आणि बगलेत उशी.

काकांनी दोन्ही प्लग लावले. मुद्दाम सांधा चुकीचा वळवला आणि गाडी सोडली. इंजिन सांध्यावर आलं आणि गपकन थांबलं. पण या वेळी दिवे गेले नाहीत. दोन्ही स्टेशनं लखलखत होती, सिग्नल जागे होते. काकांनी बटण दाबलं. टक्! सांधा सरकला. कोपऱ्यातल्या मोठ्या डबीनं थोडा वेळ चाचपून पाहिलं, आता काही अडचण नाही अशी खात्री करून घेतली, आणि रुळांत वीज सोडली. इंजिन जणू काही झालंच नाही अशा थाटात बोगद्यात शिरलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार झालीय, असं ते म्हणाले.

"छान झालं," सून म्हणाली. "पण टाकीवाला उद्या येणार."

"आता कशाला?"

"आज रविवार आहे बाबा. गर्दी उद्या असते. उद्या दवाखाना बंद होईपर्यंत तुम्ही एकदाही टेबलाखाली गेला नाहीत तर टेबल राहील. गेलात तर टाकी. मग मला काही सांगायचं नाही."

"कबूल," काका म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. वर्षभर गाडी पडत आली होती, आणि तिला उठवायचं कसं हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. उद्या सगळं ठीक चालेल याची त्यांना खात्री होती. आपण खुर्चीत बसून राहू शकू याची मात्र अजिबात नव्हती.

सोमवारी काका भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. दोनदा गाडी पडली, दोनदा कुणीतरी बटण दाबलं, दोनदा निघाली. काकांचे गुडघे तेवढे दोन्ही वेळा आपसूक उचलले गेले.

टाकीवाला आला तो ऐन गर्दीत. गोलमटोल गृहस्थ, हातात मोजपट्टी, तोंडाला खळ नाही. "एकदम शांत वस्तू असते बघा टाकी. माणूस बघत बसतो, डोकं थंड होतं. रंगीत मासे टाकू, बुडबुड्यांचं मशीन टाकू. हे टेबल निघेल ना?"

"ते आज संध्याकाळी ठरणार आहे," टोकनबाई म्हणाल्या. त्यांनी या सामन्याची बातमी आल्या-गेल्या सगळ्यांना देऊन ठेवली होती.

टाकीवाल्यानं मोजपट्टी टेबलावर धरली. पट्टीच्या शेजारी बटणं होती. त्यानं एक दाबलं. टक् झालं. त्यानं डोळे मोठे केले आणि दुसरं दाबलं. मग तिसरं, मग पुन्हा पहिलं. मुलं असं करतात तेव्हा निदान गाडी कुठे आहे ते बघून करतात. काकांना खुर्चीतून दिसत होतं: गाडी पुलावरून येतेय, सांधा उलट पडलाय, आता टेकणार. बोलायला बंदी नव्हती, वाकायला होती; पण तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

इंजिन बोगद्याच्या तोंडाशी थांबलं. अगदी त्या दिवसाच्याच जागी.

"गाडी पडली!" मुलं ओरडली, आणि सगळी खोली काकांकडे वळली. बापमंडळी, आया, टोकनबाई, सगळे. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आतल्या दारात सून येऊन उभी राहिली होती, तोंडाला मास्क, हातमोजे घातलेले हात हवेत धरलेले. नुसती बघत होती.

"मी काही मोडलं नाही हां!" टाकीवाला म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

"नाही मोडलं," काका म्हणाले. "हिरवं बटण दाबा."

"मी?"

"तुम्हीच."

त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. टक्! मग काही नाही. मोठी डबी आपली सावकाश चाचपत होती. तिला काय, पैज तिनं थोडीच लावली होती! आणि मग इंजिन एकदा हललं, आणि निघालं. मुलांनी असा काही गलका केला की आतल्या खुर्चीवरचा पेशंटही बघायला बाहेर आला. टाकीवाल्याचा चेहरा फुलला होता.

"परत एकदा करू का?" त्यानं विचारलं.

त्यानं परत केलं, आणि परत केलं. मुलांनी त्याला शेवटी रांगेत उभं राहायला लावलं. जाताना तो टाकीचं काहीच बोलला नाही. मेहुण्याला घेऊन कधी आलं तर चालेल का, एवढंच टोकनबाईंना विचारून गेला. मोजपट्टी टेबलावरच राहिली.

दवाखाना बंद झाला. काका जिंकले होते. टेबल राहणार होतं, मनासारखं सगळं झालं होतं, आणि तरी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना थोडं ओकंबोकं वाटायला लागलं. दिवसभर एकदाही कुणी 'काका' म्हणून हाक मारली नव्हती. गाडी पडायची, कुणीतरी बटण दाबायचं, गाडी उठायची. आपण आपलं काम इतकं चोख केलं की आपलंच काम उरलं नाही, असं मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

सून मुलांच्या बुटक्या स्टुलावर येऊन बसली. तिनं मास्क काढला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मला दोनदा हाक मारलीत."

काकांनी चमकून पाहिलं. "ऐकलंस तू?"

"पहिलीच ऐकली. हातात ड्रिल चालू, त्या मुलाची दाढ उघडी. हात काढता येईना. त्याला घाबरवायचं नाही म्हणून ओरडताही येईना. तुमची दुसरी हाक आली आणि मग काहीच नाही. मला वाटलं..." ती थांबली. "टाकी मी मुलांसाठी नव्हती बोलावली."

काका चष्मा पुसायला लागले. "मला वाटलं तुला लाज वाटली. लोकांसमोर माझं ते बनियन..."

"बनियनची कसली लाज? मीच आणलंय ते." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "भीती वाटली मला. एवढंच. तुम्ही तिथं पडून आणि मी इथं हात अडकवून."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक काम आहे तुमच्याकडे," ती डोळे पुसत म्हणाली. "माझे हात अडकलेले असतात, पाय मोकळे असतात. माझ्या पायाशी एक बटण बसवून द्याल? आणि घंटी इकडे, तुमच्या खुर्चीशी. आत एखादं पोर फार बावरलं की मला दोन हात कमी पडतात. टोकनबाई फोन सोडून येत नाहीत. तुम्ही याल?"

काकांनी उरलेल्या तारांचं वेटोळं पुढे ओढलं आणि कारागिराच्या आवाजात म्हणाले, "तार नव्या अ‍ॅडॉप्टरवरून घ्यावी लागेल. रुळांवरून नाही."

"रुळांवरून नाहीच," सून म्हणाली.

विजेवरच्या एका जुन्या गजराच्या घड्याळातली घंटी काढून त्यांनी ती खुर्चीच्या पाठीला लावली. टेबलाखालची सगळी जोडणी सुनेनं केली. ती आता त्यात तरबेज झाली होती. उशी वर, काकांच्या खुर्चीत आली.

पुढच्या काही दिवसांत घंटी वाजली नाही. काका रोज बसत, कान तिकडे. मग एका भरगच्च सकाळी गाडी बोगद्याच्या तोंडाशी पडली, मुलं ओरडली, "काका, गाडी पडली!" आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे घंटी खणखणली.

काका उठले. क्षणभर त्यांनी गाडीकडे पाहिलं. "हिरवं बटण दाबा कुणीतरी," असं म्हणाले आणि आतल्या दाराकडे निघाले.

आत खुर्चीवर एक मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती. गालांवरून पाणी ओघळत होतं. सुनेनं डोळ्यांनी तिच्याकडे खूण केली. काकांनी खिशातलं आपलं जुनं घड्याळ काढलं आणि मुलीच्या कानाला लावलं. "टिकटिक येते का ऐकू? तोंड उघडं ठेवलं की जास्त छान येते." मुलीनं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. मग काकांचा घड्याळ धरलेला हात आपल्या दोन्ही मुठींत पकडला आणि तोंड उघडलं.

बाहेर टक् झालं, मुलांनी गलका केला, गाडी निघाली. काकांनी वळून पाहिलं नाही. त्यांचा हात अडकलेला होता.